वेचणीनं धरलेली कंबर आणि सतरंजीवरचं पिलाटेस : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण नागपुरात झालं, पुढे मॅटवरच्या पिलाटेसचं, म्हणजे जमिनीवर करायच्या एका व्यायामपद्धतीचं, प्रशिक्षण घेतलं, आणि आता यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये काम करते. आठवड्यातले दोन दिवस गावात जाऊन रुग्ण पाहते. हे प्रकरण त्यातल्याच एका गावातलं आहे. ज्यांची ही गोष्ट, त्यांनी ती लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत. त्यांना इथे नुसतं ताई म्हणते. गावातही त्यांना तसंच म्हणतात.

ताई ४३ वर्षांच्या. तीन एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर. घरचं काम आटोपलं की दुसऱ्याच्या वावरात मजुरी. घरात नवरा, सासूबाई, बारावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. पहाटे पाचला उठून झाडलोट, चूल, पाण्याचे गुंड, मग डबा बांधून वावर. पावसाळ्यात निंदण, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कापूस वेचणी आणि त्याच्या मागेपुढे तूर आणि हरभरा. वर्षाचे आठ-नऊ महिने कमरेतून वाकलेले.

वेचणीतलं वाकणं वेगळं असतं, ते इथे सांगायला हवं. निंदताना बाई उकिडवी बसते, सोंगताना पूर्ण वाकते. कपाशीची बोंडं मात्र पोटरीपासून छातीपर्यंत कुठेही असतात. म्हणून वेचणारी बाई ना धड उभी, ना धड वाकलेली, अशी तासन् तास अर्ध्यात राहते. त्यात कमरेला फडकं बांधून केलेली ओटी पुढून भरत जाते आणि तिचं वजन कंबर पुढे ओढत राहतं. मजुरी किलोवर. पाठ सरळ करायला जितका वेळ थांबाल तितका कापूस कमी.

अडचण

ताई पहिल्यांदा भेटल्या त्या पोळ्याच्या काही आठवडे आधी. गावातल्या आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्या, त्यांना घेऊन आल्या, सोबत सासूबाईही आल्या. दुखणं दोन वर्षांचं होतं. आधी वेचणीच्या दिवसांतच कंबर धरायची, आता बारमाही. सकाळी अंथरुणातून उठताना कमरेत चमक निघायची आणि संध्याकाळी वाकलेलं अंग सरळ व्हायलाच वेळ लागायचा. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोजची झाली होती. पट्टा बांधून झाला, मालिश झाली, गावातल्या पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेणंही झालं होतं.

दुखणं दहापैकी किती, असं मी विचारलं. ताईंना काही सांगता येईना. सासूबाई मधेच म्हणाल्या, "रुपयातले बारा आणे म्हन." तेव्हापासून आमचं माप आण्यांचंच राहिलं.

तपासणीत काळजी वाटावी असं काही नव्हतं. पाय सरळ वर उचलून पाहिला तर कळ पायात उतरत नव्हती. पायाची ताकद आणि संवेदना ठीक होत्या. लघवी-संडासवरचा ताबा गेलेला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नाही. हे प्रश्न मी कधीच सोडत नाही. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढला. मणका चांगला निघाला. हिमोग्लोबिन मात्र ९.२ होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

मला जे दिसलं ते असं. वाकताना ताई सगळं कमरेच्या खालच्या मणक्यातून वाकत होत्या, खुब्यातून जवळजवळ नाहीच. जमिनीवरची पिशवी उचलताना श्वास रोखून धरत होत्या. पाठीवर झोपून एक पाय उचलायला सांगितला की कंबर लगेच जमिनीपासून सुटायची. अंगात ताकद भरपूर. पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेणाऱ्या बाईला मी दुबळी म्हणणार नाही. पण पोटाचे आतले स्नायू वेळेवर कामाला लागत नव्हते आणि सगळा भार पाठीचे मोठे स्नायू एकटेच ओढत होते.

ताईंचा प्रश्न सरळ होता. "दिवसभर वावरात वाकतोच ना आमी मॅडम, मंग आणखीन कायचा व्यायाम?"

समोरचे पर्याय

गोळ्या आणि विश्रांती हा पर्याय कागदावर सोपा होता. पण दिवाळीच्या तोंडावर वेचणी सुरू होणार आणि बारावीतल्या मुलीची फी त्याच पैशांतून जाणार. विश्रांती घ्या म्हणणं म्हणजे मजुरी सोडा म्हणणं. शिवाय साध्या कंबरदुखीत नुसतं पडून राहिल्यानं फायदा होत नाही, उलट अंग आखडतं. रोजची गोळी वर्षानुवर्षं घेण्याचा धोका पोटाला आणि मूत्रपिंडाला, तो वेगळाच.

तालुक्याला जाऊन मशीनचा शेक घेणं हा दुसरा. जाऊन-येऊन अर्धा दिवस जाणार, बसभाडं पदरचं, आणि शेकानं मिळणारा आराम दुसऱ्या दिवशीच्या वावरात विरून जाणार.

तिसरा योगासनांचा. मुलीला शाळेतल्या योग दिनामुळे काही आसनं येत होती. मी याला नाही म्हटलं नव्हतं आणि आजही म्हणणार नाही.

चौथा पिलाटेसचा. मी तो निवडला. का निवडला हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण शहरात पिलाटेस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे स्प्रिंग लावलेलं महागडं यंत्र येतं आणि गावात हा शब्द कोणी ऐकलेलाच नसतो.

जोसेफ पिलाटेस हा १८८३ मध्ये जर्मनीत जन्मलेला माणूस. लहानपणी दम्यानं आणि मुडदुसानं बेजार होता, त्यातून व्यायामाकडे वळला. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. जर्मन म्हणून त्याला नजरकैदेत टाकलं आणि पुढे आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं. तिथे तो सोबतच्या कैद्यांकडून जमिनीवरचे व्यायाम करून घ्यायचा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यानं खाटांना स्प्रिंगा बांधल्या आणि पुढची यंत्रं त्यातूनच निघाली, असं सांगतात. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिथे नर्तक दुखापती घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. आपल्या पद्धतीला तो कंट्रोलॉजी म्हणायचा, म्हणजे ताब्याचं शास्त्र. पिलाटेस हे नाव रूढ झालं ते नंतर. १९६७ मध्ये तो वारला.

हे मी ताईंच्या मुलीला सांगितलं तेव्हा तिला छावणीचा भाग फार आवडला. मग मी तिला आपल्याकडचीही एक गोष्ट सांगितली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला होता. व्यायामाची देवाणघेवाण आपल्या वऱ्हाडाला नवी नाही.

पिलाटेसचा गाभा सोपा आहे. पोटाला आडव्या पट्ट्यासारखा वेढणारा स्नायू, मणक्याला चिकटून असलेले छोटे स्नायू, वरती श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ, हे चौघे मिळून धड सांभाळतात. त्यांना श्वासाबरोबर कामाला लावायचं आणि मग हातपाय सावकाश, ताब्यात हलवायचे. आवर्तनं थोडी, लक्ष पूर्ण. योगासनात आपण एका स्थितीत स्थिरावतो. पिलाटेसमध्ये धड स्थिर ठेवून हालचाल करत राहतो आणि श्वास त्या हालचालीला बांधलेला असतो. काही गोष्टी दोन्हींत सारख्या आहेत. पिलाटेसचा ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून कंबर वर उचलणं, पाहून मुलगी लगेच म्हणाली, "हे तर सेतुबंधासन!"

कंबरदुखीवर पिलाटेसचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेचा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण होते. जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेसनं दुखणं आणि अडचण कमी होते, असं त्यात दिसलं. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणून मी ताईंना किंवा कोणालाच "हाच एक उपाय" असं म्हटलं नाही. मी ते निवडलं कारण मला ते नीट शिकवता येतं, एका सतरंजीवर होतं, आणि ताईंचा नेमका दोष ताब्याचा होता, ताकदीचा नव्हता.

पहिले दोन आठवडे आणि माझी चूक

समाजमंदिरात सकाळी सहाला सुरुवात केली. ताईंसह पाच जणी आल्या. सतरंज्या घरून आणल्या. साडीच्या निऱ्या कमरेखाली गोळा होऊन टोचत होत्या. दुसऱ्या दिवशी दोघी गाऊनवर ओढणी घेऊन आल्या, ताई साडीतच राहिल्या.

मी प्रशिक्षणात शिकले त्या क्रमानं सुरू केलं. पहिला व्यायाम हंड्रेड. पाठीवर झोपून डोकं आणि खांदे उचलायचे, पाय वर धरायचे, हात बाजूला सरळ ठेवून वरखाली हलवायचे. पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर, असे शंभर ठोके. नवशिक्यांसाठी मी गुडघे वाकवून आणि निम्मे ठोके घेऊन तो करवला. त्यानंतर थोडा रोल-अप, म्हणजे पाठ गोल करत सावकाश उठून बसणं. ताईंनी सगळं दात-ओठ खाऊन पूर्ण केलं. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं.

चौथ्या सकाळी त्या आल्या नाहीत. पाचव्या सकाळीही नाही. निंदणाची घाई असेल असं मी धरलं. मग महालक्ष्म्या आल्या, घराघरांत पाहुणे आणि सोळा भाज्या, वर्गच थांबला. जवळजवळ तीन आठवडे असे गेले. मी एकदाही स्वतःहून चौकशी केली नाही.

खरं काय ते आशाताईंकडून कळलं. हंड्रेड केल्यापासून ताईंना खाली जड वाटत होतं, काहीतरी उतरल्यासारखं. तसं त्यांना धाकट्याच्या जन्मापासूनच अधूनमधून वाटायचं, वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी जास्त. व्यायामानंतर ते सकाळीच जाणवायला लागलं आणि त्या घाबरल्या. शेजारच्या दोघींची गर्भाची पिशवी काढलेली. आपलीही काढतील, या भीतीनं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

मी घरी गेले. सासूबाई बाहेर गेलेल्या पाहून विचारलं, हे आधी का नाही बोललात? ताई म्हणाल्या, "तुमी इचारलंच नाई, मंग मी कायले सांगू? मले वाटलं सगळ्याच बायायले असते."

बरोबर होतं त्यांचं. क्षयरोगाचा प्रश्न मी विचारला, लघवीचा विचारला, पण अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का, खोकताना लघवी सुटते का, बाळंतपणं कशी झाली, हे विचारलं नाही. विचारलं असतं तरी सासूबाई शेजारी बसलेल्या असताना त्यांनी सांगितलं नसतं. दोन मुलं झालेल्या, डोक्यावरून गुंड वाहणाऱ्या त्रेचाळीस वर्षांच्या बाईला हे प्रश्न विचारल्याशिवाय पोटाचा व्यायाम द्यायला नको होता. डोकं आणि खांदे उचलले की पोटातला दाब वाढतो. ओटीपोटाचा तळ ढिला असेल आणि श्वास रोखला गेला, तर तो सगळा दाब खालीच उतरतो. हंड्रेडमध्ये ताई श्वास रोखत होत्या. मला ते दिसायला हवं होतं, आणि मी मात्र त्यांच्या जिद्दीचं कौतुक करत बसले.

पुढचं पाऊल काय, हा या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण होता. व्यायाम सोडून द्यायचा? की आधी तपासून घ्यायचं? मी सगळा व्यायाम थांबवला आणि ताईंना स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. गर्भाशय थोडं खाली सरकलेलं होतं, पण बाहेर आलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेची गरज नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, जड उचलणं कमी, बद्धकोष्ठता टाळणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. पिशवी काढायची नाही हे ऐकून ताईंच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती माझ्या कुठल्याच व्यायामानं आली नसती.

पुन्हा सुरुवात

या वेळी आधी जागा आणि वेळ ठरवली, व्यायाम नंतर. समाजमंदिर ताईंना नको होतं. घरी दिवसा करायचं तर वेगळीच अडचण. पिलाटेसचा निम्मा व्यायाम आडवं पडून होतो, आणि सुनेनं दिवसा आडवं पडणं घरात बसत नाही. सासूबाईंनी ते स्पष्टच सांगितलं होतं, "भरल्या दिवसा आंग टाकते का कोनी?" यात मला दुष्टपणा दिसला नाही. त्यांच्या पिढीत दिवसा आडवी पडलेली बाई म्हणजे आजारी तरी किंवा आळशी तरी. त्यांना पटवण्यात शक्ती घालण्यापेक्षा आम्ही रात्रीची वेळ घेतली. गावात जेवणं लवकर होतात. जेवणानंतर तासाभरानं, अंथरूण घातल्यावर, पंधरा मिनिटं. रात्री आडवं पडण्याचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही. ताई गाऊनमध्ये असायच्या, निऱ्यांचा प्रश्नही मिटला. बाजेवर करायचं नाही एवढं मात्र ठरलं. सुंभ झोळ खाते आणि कमरेला आधार राहत नाही. जमीन, सतरंजी, त्यावर एक गोधडी.

मुलगी सोबत करायला तयार झाली. बारावीच्या अभ्यासानं तिचीही मान धरायची. मी तिच्या वहीत क्रम लिहून दिला.

पहिला आठवडा फक्त श्वास. पाठीवर झोपून टोंगळे (गुडघे) वाकवायचे, पाय जमिनीवर, दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर. नाकानं श्वास घ्यायचा तो पोट फुगवून नाही, बरगड्या बाजूंना रुंदावतील असा. तोंडानं सोडायचा. "फुंकणीनं चूल फुंकतो तसं?" ताईंनी विचारलं. मी म्हटलं, तेवढं जोरात नाही, दिव्याची ज्योत हलेल पण विझणार नाही, इतकीच फुंकर. त्या फुंकरेसोबत ओटीपोटाचा तळ आत-वर ओढायचा, लघवी आणि वारा दोन्ही अडवल्यासारखा. श्वास घेताना पूर्ण सोडून द्यायचा. सोडणं ओढण्याइतकंच महत्त्वाचं. आणि हे प्रत्यक्ष लघवी करताना करून पाहायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात कमरेची मधली स्थिती शोधली. बेंबीच्या खाली पाण्याची छोटी वाटी ठेवली. कंबर जमिनीला दाबली की पाणी छातीकडे कलतं, कमान केली की पायांकडे. पाणी सपाट राहील तिथे थांबायचं. मुलीनं दोनदा वाटी सांडली, ताईंनी एकदाही नाही. मग वाटी तशीच ठेवून, श्वास सोडत, एक पाय चार बोटं उचलायचा आणि खाली ठेवायचा. वाटी हलायला नको. बघायला हे काहीच नाही. पण ताईंना तिसऱ्या आवर्तनालाच पोटात खोलवर काहीतरी जागं झाल्याचं कळलं.

त्यानंतर हळूहळू ब्रिज, कुशीवर झोपून गुडघा उघडण्याचा व्यायाम, आणि चार पायांवर येऊन समोरासमोरचा हात-पाय लांब करणं. हा शेवटचा त्यांना सगळ्यात लवकर जमला. अंगण सारवताना त्या याच स्थितीत असतात. प्रत्येकाची सहा ते आठ आवर्तनं, आठवड्यातले पाच दिवस. डोकं उचलायचा एकही व्यायाम नाही. खाली जड वाटलं, श्वास अडकला किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर एक पायरी मागे.

वावरात

सतरंजीवर जे जमलं ते वावरात उतरलं नाही तर या सगळ्याला ताईंच्या लेखी अर्थ नव्हता. सोंगणीआधी मी एक सरळ तुराटी घेऊन त्यांच्या पाठीवर उभी धरली. डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी. आता वाका. आधी तुराटी लगेच सुटायची. ढुंगण मागे न्या, टोंगळे थोडे सैल सोडा, असं सांगितल्यावर तीन-चार दिवसांत खुब्यातून वाकणं जमायला लागलं.

बाकीच्या गोष्टी बारीक होत्या. गुंड किंवा गाठोडं उचलताना श्वास सोडत उचलायचं, तळ आधी आत ओढून. गाठोडं डोक्यावर घेताना दुसरीची मदत घ्यायची. ओळीच्या टोकाला पोचल्यावर कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकायचं. खालची बोंडं वेचताना एक टोंगळा टेकवायचा.

एक गोष्ट जमली नाही. ओटी अर्धी भरली की रिकामी करा, असं मी सांगितलं होतं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली, वेचणी सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात ताईंनी ते सोडून दिलं. गाठोड्यापर्यंतच्या फेऱ्या वाढतात, सोबतच्या बाया पुढे निघून जातात, किलो कमी भरतात. माझा सल्ला कमरेसाठी बरोबर होता आणि मजुरीसाठी चुकीचा. शेवटी ओटी मांडीला लागायला लागली की रिकामी करायची, असं ताईंनीच ठरवलं.

निकाल

जानेवारीत, तिसऱ्या वेचणीच्या सुमारास, आम्ही पुन्हा माप घेतलं. दुखणं बारा आण्यांवरून पाच आण्यांवर आलेलं. सकाळची चमक जवळजवळ गेलेली. रोजची गोळी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आली. संध्याकाळी वावरातून निघताना अंग लगेच सरळ व्हायचं. हा बदल ताईंना सगळ्यात मोठा वाटला, कारण तो सोबतच्या बायांनाही दिसला. खाली जड वाटणं कमी झालं, गेलं नाही. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत गर्भाशय होतं तिथेच होतं, आणखी सरकलेलं नव्हतं, आणि डॉक्टर बाईंनी व्यायाम चालू ठेवायला सांगितलं. हिमोग्लोबिन ११ वर गेलं.

यातलं किती पिलाटेसचं? मी ठामपणे सांगू शकत नाही. रक्त वाढलं, वाकण्याची पद्धत बदलली, शस्त्रक्रियेची भीती गेली, मुलीसोबत रात्रीची पंधरा मिनिटं स्वतःची मिळाली. भीती आणि थकवा दोन्ही दुखणं वाढवतात, ते उतरले की दुखणंही उतरतं. माझा अंदाज असा की श्वास न रोखता भार उचलायची सवय हा त्यातला मोठा भाग, आणि ती सवय त्या व्यायामातून आली.

फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवस हरभरा सोंगल्यावर कंबर पुन्हा धरली, आठ आण्यांपर्यंत. ताईंनी मला बोलावलं नाही, गोळीही वाढवली नाही. वहीत पाहून पहिल्या आठवड्याच्या श्वासापासून पुन्हा सुरू केलं आणि आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. मला हा निकाल जानेवारीच्या मापापेक्षा मोठा वाटतो.

समाजमंदिरातल्या बाकी चौघींपैकी दोघी टिकल्या. दोघी सोंगणीत सुटल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत दहा मिनिटं ताईंशी एकटीनं बोलायला हवं होतं. आता मी प्रत्येक बाईची भेट दोन भागांत घेते. आधी घरच्यांसमोर, मग रक्तदाब मोजायच्या निमित्तानं आतल्या खोलीत. बाळंतपण, पिशवी, अंग बाहेर येणं, खोकताना लघवी सुटणं, हे प्रश्न त्या दुसऱ्या भागात.

हंड्रेडनं सुरुवात करायला नको होती. तो पिलाटेसचा नावाजलेला व्यायाम आहे आणि यादीत पहिला येतो, म्हणून नवशिक्याचाही पहिला असायला हवा असं नाही. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत, पाठीचा बाक वाढला आहे, हर्निया आहे किंवा गर्भाशय सरकलेलं आहे, त्यांनी डोकं उचलून आणि पाठ गोल करून करायचे व्यायाम विचारल्याशिवाय करूच नयेत. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायांचा क्रमही वेगळा असतो. कंबरदुखीसोबत पाय बधिर होत असेल, लघवी अडत किंवा सुटत असेल, ताप असेल, तर कोणताही व्यायाम नाही, आधी दवाखाना.

गैरहजेरीला मी कामाची घाई समजले. ते तीन आठवडे वाचले असते. न येणारी बाई काहीतरी सांगत असते, आणि आशाताईंना एक फोन केला असता तरी ते ऐकू आलं असतं. आता सलग दोन दिवस कोणी आली नाही की आशाताई त्याच संध्याकाळी घरी डोकावतात.

आणि मोसम. हंगाम तोंडावर असताना नवी सवय लावणं सगळ्यात अवघड. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी वावरात कोणी नसतं, मजुरीही फारशी नसते. तेव्हा सुरू केलं असतं तर वेचणीपर्यंत पाच महिने मिळाले असते.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र मी अजून साशंक आहे. रात्रीची वेळ घेऊन आम्ही त्यांना वळसा घातला. ताईंचं काम झालं, पण त्या घरात दिवसा आडवं पडण्याची मुभा अजून कोणाला नाही. पुढे मुलीच्या सासरीही कदाचित तेच असेल. मी त्यांच्याशी बोलायला हवं होतं का, तर मला वाटतं हो. कसं बोलावं हे अजून सापडलेलं नाही. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच टोंगळे दुखतात म्हणून मला थांबवलं. खुर्चीवर बसून करायचे दोन व्यायाम दाखवले, ते त्या दिवसा ओसरीत बसून करतात.

येत्या मे महिन्यात ताईंच्या त्याच ओसरीत सहा जणी यायच्या आहेत, दिवेलागणीनंतर. त्यातल्या दोघींची पिशवी काढलेली आहे. त्यांच्याशी एकेकीशी बोलण्यासाठी एप्रिलचे शेवटचे दोन मंगळवार ठेवले आहेत.